मध्यम पायात, निषाद गुडघ्यात

लांबून पाहिलं तर इस्त्रीचं टेबल वाटावं. चार पाय, वर लाकडाची अरुंद फळी, फळीवर दहा तारा. पण जरा वाकून खाली बघा. सळ्या, स्प्रिंगा, आडवे दांडे, बारीक नट यांचं असं जंजाळ की भलाभला मेकॅनिकही आधी गप्प बसेल आणि मग खिशातून पाना काढेल. याला गिटार म्हणायचं तर गळा नाही, पोकळ पोट नाही, मांडीवर घ्यायची सोय तर अजिबातच नाही. तरी नाव पेडल स्टील गिटार. अमेरिकेच्या कंट्री संगीतात मागे जो घसरत, हुंदका देत जाणारा सूर असतो, तो हिचा.

हे वाद्य घरच्या वर्कशॉपमध्ये बनवणारे लोक अमेरिकेत आजही आहेत. त्यांचा उद्योग जवळून पाहिला की कळतं, हे काम सुताराचं कमी आणि फिटरचं जास्त. लाकूड कापून, घासून, चमकवून होतं आणि मग खरी कसोटी लागते ती धातूशी.

सगळं अंग कामाला

डाव्या हातात पॉलिश केलेली, दोन-अडीचशे ग्रॅम वजनाची स्टीलची कांडी. ती तारांवर नुसती टेकवून सरकवायची, दाबायची नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. डावं पाऊल पेडलवर, आणि तेच पाऊल किंचित तिरकं करून दोन पेडल एकदम दाबायची. दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या दांड्या, त्या डावीकडे-उजवीकडे ढकलायच्या. काही वाद्यांत डावा गुडघा वर उचलूनही एक दांडी दाबावी लागते. राहिलं उजवं पाऊल. ते आवाजाच्या पेडलवर. तार छेडली की आवाज विरत जातो, तसतसं हे पेडल हळूहळू उघडायचं, म्हणजे सूर संपतच नाही असं वाटतं.

आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीवाल्याचे पायही चालत, पण ते भात्यात हवा भरायला. सुराचं काम हातांकडेच. इथे पाय आणि गुडघे थेट सूर बदलतात.

दहा तारा, तरी दोन सूर गायब

या वाद्याची सर्वांत रूढ जुळणी ‘ई नाइन’ नावाने ओळखली जाते. ई या सुराला सा मानलं तर पहिल्या तारेपासून दहाव्या तारेपर्यंत सूर असे: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प.

पुन्हा एकदा वाचा. मध्यम नाही. धैवत नाही.

ते पायात आहेत. पहिलं पेडल पंचमाच्या दोन्ही तारा ओढून त्यांचा धैवत करतं. दुसरं पेडल गंधाराच्या दोन्ही तारांचा मध्यम करतं. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं. कॉर्ड बदलली आणि डावा हात जागचा हललासुद्धा नाही. तिसरं पेडल वरच्या सा चा रे करतं आणि त्याच्या शेजारच्या पंचमाचा धैवत. एका गुडघ्याच्या दांडीने सा उतरून शुद्ध निषाद होतो, दुसऱ्या दांडीने सा चढून कोमल रिषभ होतो. ही सगळी व्यवस्था कुणा एका बुद्धिमान माणसाने एका रात्रीत आखलेली नाही. वादकांनी एकमेकांचं पाहून, ऐकून, चोरून ती जमवली.

तारांचा क्रमही सरळ नाही. पहिली तार सर्वांत उंच असेल असं वाटतं ना? नाही, सर्वांत उंच तिसरी. पहिल्या दोन तारा बडी एमन्स या वादकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भर म्हणून टाकल्या. त्यातून नुसत्या ओळीने वाजवता येणारे स्वर मिळाले, आणि ती भर कायमची राहिली.

मींड, पण एकीलाच

सतारीवर तार बाजूला ओढून मींड काढतात. पेडल स्टीलची युक्ती तीच, ताण वाढवून सूर चढवायचा. फरक एवढाच की इथे तीन तारा एकदम वाजत असतात आणि त्यातली एकच चढते, बाकीच्या दोघी जागेवर स्थिर. कानाला तो चमत्कार वाटतो.

गंमत म्हणजे पेडल आली तेव्हा हा वापर कुणाच्या डोक्यात नव्हता. गिब्सन कंपनीने १९३० च्या दशकाच्या शेवटी ‘इलेक्ट्राहार्प’ नावाचं पेडलवालं वाद्य काढलं. तेव्हाची कल्पना साधी होती. दोन ओळींच्या मध्ये पेडल दाबून जुळणी बदलून घ्यायची आणि मग पुढे वाजवायचं. तार वाजत असतानाच पेडल दाबून तो घसरता आवाज ऐकवला बड आयझॅक्सने, वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात. १९५४ मध्ये हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि स्टील वाजवणाऱ्यांची झोप उडाली. पेडल नसलेलं वाद्य एका हंगामात जुनाट ठरलं.

आयझॅक्सचं ते वाद्य कुठल्या मोठ्या कारखान्यातलं नव्हतं. ते बनवलं होतं एका मोटरसायकलवाल्याने.

मोटरसायकलवाले, गॅरेजवाले, बापलेक

पॉल बिग्सबी. कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावचा. धंद्याने पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी साचे बनवणारा. मोटरसायकलींच्या शर्यतींचा शौकीन, आणि क्रॉकर या मोटरसायकल कंपनीत काम केलेला. धातू ओतणं, कातणं, घासणं हे सगळं हातातलं. संगीतवाल्यांशी ओळखी झाल्या आणि माणूस वाद्यांकडे वळला. १९४८ मध्ये स्पीडी वेस्टसाठी त्याने पेडल स्टील बनवली. त्याच सुमारास मर्ल ट्रॅव्हिससाठी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटारही, जिच्या सहाही खुंट्या एकाच बाजूला होत्या. फेंडर कंपनीची तशी गिटार त्यानंतर आली, आणि कुणी कुणाचं पाहिलं यावर गिटारवाले अजून भांडतात. बिग्सबीकडे वाद्य हवं असलं की नंबर लावून बसावं लागे. एक माणूस, एक वर्कशॉप, आणि गिऱ्हाईक म्हणजे त्या काळातले आघाडीचे वादक.

मग कंट्री संगीताचं गाव, नॅशव्हिल. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका गॅरेजमध्ये ‘शो-बड’ची सुरुवात केली. नाव दोघांच्या नावांतून जोडलेलं. एमन्सने तेव्हा धड विशीही ओलांडलेली नव्हती. बिग्सबीच्या वाद्यांत एकाच पेडलवर असलेलं दोन सुरांचं काम त्याने दोन वेगळ्या पेडलांत वाटून टाकलं, आणि वर सांगितलेली धैवत-मध्यमाची जोडी जन्माला आली. शो-बडच्या पट्टीवर खुणा म्हणून बदाम, चौकट, किलवर, इस्पिक असत. पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं वाद्य, आणि दिसायलाही झकास.

एमन्स पुढे बाहेर पडला आणि १९६३ च्या सुमारास रॉन लॅशलीबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिची ‘पुश-पुल’ यंत्रणा आजही वादकांना वेडं करते. सूर चढवायचा तर ओढायचं, उतरवायचा तर ढकलायचं. आवाज असा भरीव की जुनी पुश-पुल वाद्यं लोक जिवापाड जपतात. पण तिची जुळणी लावणं म्हणजे एक नट फिरवला की दुसरा सूर बिघडतो. नव्याने घरी बनवणारे बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. ते ‘ऑल-पुल’ घेतात, ज्यात चढवणं-उतरवणं दोन्ही ओढूनच होतं आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र नट असतो. माझं मत विचाराल तर शहाणपण त्यातच आहे.

गुडघ्याच्या दांड्या झेन बेकच्या नावावर आहेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पाय पुरेनात म्हणून गुडघे वापरले. पुढे त्याच्या ‘झेडबी’ वाद्यांपैकी एक ग्रेटफुल डेड या बँडच्या जेरी गार्सियाकडे गेलं, आणि १९७० च्या ‘टीच युअर चिल्ड्रन’ या गाण्यात तो पेडल स्टील वाजवतो.

पॉल फ्रँकलिन हा आजचा नामांकित वादक. त्याची वाद्यं कुणी बनवली? वडिलांनी. थोरल्या पॉल फ्रँकलिननी आधी शो-बडमध्ये काम केलं आणि मग स्वतःच्या नावाने वाद्यं बनवली. मुलगा वाजवून तक्रार सांगणार, बाप खाली वाकून दुरुस्त करणार. वाद्यनिर्मितीला याहून बरी प्रयोगशाळा मिळणं कठीण.

आणि लिओ फेंडर? गिटारच्या इतिहासातलं इतकं मोठं नाव, पण स्वतः गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५७ च्या सुमारास काढलेल्या पेडल स्टीलमध्ये सळ्यांऐवजी स्टीलच्या केबल होत्या. सायकलच्या ब्रेकची केबल हाताळलेल्या कुणालाही त्यातली अडचण लगेच समजेल. केबल ताणली जाते, आणि ताणली की सूर गेला.

पाऊण मिलिमीटरचा सगळा खेळ

आता वर्कशॉपमध्ये शिरू. पाचव्या तारेचा पंचम धैवतापर्यंत चढवायचा तर तार किती ओढावी लागते? अंदाज करा. एक इंच? एक सेंटिमीटर?

हिशेब करून पाहिला. तारेची वाजणारी लांबी सव्वाचोवीस इंच, म्हणजे ६१६ मिलिमीटर. जाडी ०.४३ मिलिमीटर. सूर एका पूर्ण स्वराने चढवायला ताण साधारण २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. त्यासाठी तार लांबते ती पाऊण मिलिमीटरच्या आत. संपला प्रवास. पेडल बोटभर खाली जातं, सळी काही मिलिमीटर सरकते, आणि शेवटी तारेपर्यंत पोचतं ते इतकंच.

याच्या पुढचा आकडा घाम फोडणारा. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट मानतात. या तारेच्या बाबतीत एक सेंट म्हणजे सुमारे साडेतीन मायक्रॉन. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये जो साधा व्हर्नियर कॅलिपर असतो, त्याचं लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. व्हर्नियरवर एका रेषेची चूक झाली तर सूर पाच-सहा सेंटने सरकला, आणि तेवढं तयार कानाला कॉर्डमध्ये खटकतं.

मग घरच्या लेथवर हे जमतं कसं? कारण भाग मायक्रॉनमध्ये कातावे लागतच नाहीत. नेमकी उंची शेवटी नायलॉनच्या नटाने, पाना फिरवून लावतात. भागांकडून अपेक्षा एकच: पेडल सोडलं की जिथून निघालो तिथेच परत यायचं. शंभर वेळा दाबलं तर शंभर वेळा. आसाच्या भोकात जराशी ढिलाई, एखादं रिव्हेट किंचित आवळलेलं, स्प्रिंगची ओढ थोडी कमी, की तार परत येताना केसभर अलीकडे अडकते आणि वादक पुढच्या ओळीत बेसूर. म्हणून या मंडळींचा बहुतेक वेळ जोड मोकळे पण घट्ट ठेवण्यात जातो. हे वाक्य विरोधाभासी वाटेल, फिटरला विचारा.

सगळ्याच तारा सारख्या प्रवासाच्या नसतात हेही एक दुखणं. तिसरं पेडल चौथी आणि पाचवी तार दोन्ही एकेका स्वराने चढवतं, पण चौथीला पाचवीच्या जवळपास पावणेदोन पट ओढावं लागतं. आणि दोघी एकाच वेळी मुक्कामाला पोचल्या पाहिजेत. एक आधी, एक नंतर, असं झालं तर कॉर्ड लंगडत चढते. उपाय सोपा आणि सुंदर आहे. आडव्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या पट्टीला भोकांची रांग असते. दांड्यापासून दूरच्या भोकात सळी अडकवली तर ओढ जास्त, जवळच्या भोकात कमी. तरफेचा नियम, शाळेतला.

घोडीच हलते

इतर गिटारींत घोडी स्थिर असते. इथे प्रत्येक तारेला स्वतःची घोडी, आणि ती फिरते. वरून गोलसर घडवलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, त्याला ‘फिंगर’ म्हणतात. असे दहा तुकडे एका स्टीलच्या आसावर ओळीने बसवलेले. तार फिंगरच्या माथ्यावरून वळून मागे अडकते. फिंगर किंचित फिरला की तार ताणली किंवा सैल झाली. या जुळवाजुळवीचं नाव चेंजर. चढवण्याचा एक भाग, उतरवण्याचा एक, मुख्य फिंगर वेगळा, असे दहा तारांचे तीसेक तुकडे कापायचे, भोकं पाडायची, कडा मारायच्या. वर सळ्या. तीन पेडल आणि चार-पाच गुडघा-दांड्या, प्रत्येक जण साधारण दोन तारा ओढणार. म्हणजे चौदा-सोळा सळ्या झाल्या, आणि एकीने दुसरीला घासता कामा नये.

सुताराच्या वाट्याला येतं ते मेपलचं कठीण लाकूड. चांगल्या मेपलमध्ये लाटांसारखी किंवा ठिपक्यांची नक्षी असते, ती दाखवायला वरून लॅकर. ज्यांना टिकाऊपणा हवा त्यांनी वर लॅमिनेट चिकटवलं, म्हणजे आपलं सनमायका म्हणतो ते. एमन्सच्या काळ्या लॅमिनेटच्या वाद्यांचा आवाज लॅकरवाल्यांहून वेगळा असतो असं छातीठोक सांगणारे भेटतात. वादात पडू नये.

लाकडाला काम मात्र जड आहे. प्रत्येक तारेचा ताण दहा ते चौदा किलो, दहा तारांचा मिळून शंभर किलोंच्या वर. हा ताण फळीला दिवसरात्र वाकवायला बघतो. आणि पेडल दाबलं की ताण आणखी वाढतो, फळी नकळत वाकते, मग ज्या तारांना हात लावलेला नाही त्या किंचित उतरतात. हा दोष थोडाफार प्रत्येक वाद्यात असतो. बनवणारे ट्यूनर लावून तो सेंटमध्ये मोजतात आणि आपला आकडा दुसऱ्याहून कमी असल्याचं अभिमानाने सांगतात.

फ्रेट बसवण्याची कटकट नाही, ही त्यातल्या त्यात सुखाची बाब. पट्टीवर नुसत्या रेषा. पहिली रेषा खुंटीकडच्या पट्टीपासून ३४.६ मिलिमीटरवर, बारावी बरोबर मध्यावर ३०८ वर, चोविसावी ४६२ वर. चुकली तरी सूर चुकत नाही, फक्त नजर चुकते.

पिकअपची तार घरी गुंडाळणारेही आहेत. केसाहून बारीक तांब्याची वायर, सतरा-अठरा किलोओमचा रोध येईपर्यंत हजारो वेढे. वायरची लांबी अडीच-तीन किलोमीटरच्या घरात जाते. मध्ये तुटली तर शिव्या मराठीत द्या किंवा इंग्रजीत, फरक पडत नाही.

तिसरी तार का तुटते

सर्वांत उंच गंधार तिसरी तार सांभाळते, आणि दुसरं पेडल तिला मध्यमावर नेतं. तो मध्यम म्हणजे नेमका ४४० हर्ट्झ, सगळं जग ज्यावर वाद्यं जुळवतं तो सूर. तार फक्त ०.२८ मिलिमीटर जाडीची, ताण चौदा किलोंच्या पुढे. पोलादाच्या सहनशक्तीच्या हद्दीजवळच ती जगते.

मग जाड तार लावा की! इथेच मजा आहे. जाड तारेला तोच सूर द्यायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. दर चौरस मिलिमीटरवरचा भार जिथल्या तिथेच. तार तुटणार की नाही हे ठरतं लांबीवर आणि सुरावर, जाडीवर नाही. म्हणून वाद्याची लांबी चोवीस-सव्वाचोवीस इंचांच्या आसपास थांबते. तुटते ती बहुधा फिंगरच्या माथ्यावर, जिथे दर पेडलला ती वाकते आणि सरळ होते. त्या माथ्याला आरशासारखं पॉलिश करणं ही हौस नाही, तारेचा विमा आहे.

गंधाराचं भांडण

तानपुऱ्याच्या खरजातून जो स्वयंभू गंधार कानावर येतो, तो पियानोच्या किंवा पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, त्यामागे पेटीचे ठोकळेबाज सूर आणि तिला मींड येत नाही, हे आक्षेप होते.

नॅशव्हिलच्या वादकांनी हे भांडण ऐकलंही नसेल, पण त्यांच्यातले बरेच जण तानपुऱ्याच्या बाजूचे निघतात. गंधार खाली उतरवून, दोन सुरांमधली थरथर बंद होईपर्यंत जुळवतात. मग अडचण अशी की सा-ग-प मध्ये गोड लागणारी तार पेडल दाबल्यावर दुसऱ्या कॉर्डमध्ये दुसऱ्याच नात्याने उभी राहते. प्रत्येक ओढीला वेगळा नट का हवा, याचं उत्तर इथे आहे. त्यातून उरलेलं अंतर वादक कांडी रेषेच्या किंचित पुढेमागे ठेवून भरून काढतो. आणि शेजारी पियानो असेल तर निमूट तडजोड करतो.

पेडल कोणत्या क्रमाने?

घरी वाद्य बनवणाऱ्याला एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. डावीकडून उजवीकडे पेडल धैवत, मध्यम, मग तिसरं, हा एमन्सचा क्रम. जिमी डे या वादकाने तो उलटा ठेवला. वाजणाऱ्या सुरांत काडीचा फरक नाही, फरक घोट्याला पडतो. तरी ‘एमन्स का डे’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी वाद्य विकत नाही.

हवाईचा पोरगा आणि भारताचा धागा

पेडलच्या आधी स्टील, आणि स्टीलच्या आधी हवाई. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तारांवर धातूचा तुकडा घासून हा आवाज शोधला असं मानतात. रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेला बोल्ट होता की कंगवा, यावर कथा बदलते. पण त्याच सुमारास होनोलुलूत गेब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक मुलगाही अशीच तार घासून वाजवत असल्याचा उल्लेख आढळतो. विचित्र वीणेच्या देशातून गेलेल्या मुलाने ती युक्ती सोबत नेली असेल का? मोह होतो खरा. पुरावा मात्र तेवढ्यावरच थांबतो.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईचे वादक गाजले आणि अमेरिका या सुराने पागल झाली. आवाज मोठा हवा म्हणून जॉर्ज बोशँपने जी विजेवरची गिटार घडवली, तीही मांडीवर आडवी ठेवायचीच. अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, टोपणनाव ‘फ्राइंग पॅन’. रंगमंचाच्या दिव्यांनी धातू तापला की सूर सरकायचा, म्हणून पुढे बेकेलाइटही वापरलं गेलं. पेटंट मिळालं १९३७ मध्ये. तपासनिसांना हे चालेल असं पटेना, तेव्हा वादकांना त्यांच्यासमोर नेऊन वाजवायला लावलं म्हणतात.

लाट भारतातही आली. हवाईकडचे टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले, वाजवलं, शिकवलं. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारला घर मिळवून दिलं. ब्रिजभूषण काब्रांनी ती शास्त्रीय संगीतात आणली, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरीच्या जोडीला तीच आहे. या सगळ्यांनी मींड काढली ती हातातल्या कांडीने. पेडलची यंत्रणा आपल्याकडे रुजली नाही. एकच तार गाती ठेवायची तर ती लागतही नाही म्हणा.

तुम्ही हा आवाज ऐकलाय

‘लूनी ट्यून्स’ कार्टूनच्या सुरुवातीची ती वर झेपावणारी ‘बॉईंग’ आठवते? ती फ्रेडी टॅव्हारेसच्या स्टील गिटारची मानतात. हाच माणूस पुढे फेंडरमध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या रचनेत सहभागी होता.

पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये डेव्हिड गिल्मोर पेडल स्टील वाजवतो.

पीट ड्रेकने आवाज नळीतून तोंडात घेऊन गिटारला बोलकं केलं. १९६४ च्या ‘फॉरएव्हर’मध्ये ते ऐकू येतं. त्याच्याही आधी अल्विनो रे हे गिटारला बोलतं करत होते. पडद्यामागे त्यांची पत्नी लुईस गळ्याला मायक्रोफोन लावून उभी असे. त्यांचे दोन नातू, विन आणि विल बटलर, आर्केड फायर या बँडमुळे प्रसिद्ध झाले.

नायजेरियाच्या किंग सनी अडेंनी पेडल स्टील जुजू संगीतात आणली. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ती ऑर्गनच्या जागी बसली, आणि तिथल्या रॉबर्ट रँडॉल्फने तिला थेट रॉकच्या मंचावर नेलं.

आणि एक नाव राहिलं, जेरी बर्ड. स्टील वादनातला फार मोठा माणूस. ‘स्लोली’नंतर सगळे पेडलच्या मागे धावले तेव्हा त्याने पेडल जोडायला साफ नकार दिला. काम कमी होत गेलं तरी बधला नाही, आणि शेवटी नॅशव्हिल सोडून हवाईला जाऊन राहिला. स्टील गिटार हॉल ऑफ फेम सुरू झाल्यावर १९७८ मध्ये पहिला मान कुणाला मिळाला? त्यालाच.